कब्जा बाईचा, कागद कुणाचा?

ऑक्टोबर आला की लातूर-नांदेडच्या जिल्हा पानांवर एक बातमी ठरलेली असते: सोयाबीनची गंज अज्ञातांनी पेटवली. काढणी झालेली असते, मळणीयंत्राची पाळी आलेली नसते, म्हणून पीक ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं असतं. रात्री कुणीतरी काडी लावतो आणि वर्षाची कमाई तासाभरात राख होते. पोलिस अज्ञाताविरुद्ध नोंद घेतात. गावात मात्र त्या अज्ञाताचं नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

शेत सातबाऱ्यावरचं असेल तर निदान पंचनामा होतो. गंज गायरानावरची असेल तर पहिला प्रश्न असा येतो की, सरकारी जमिनीवरचं पीक तुमचं कसं? पेरलं कुणी, खुरपलं कुणी, राखण कुणी केली हे सगळ्या गावानं पाहिलेलं असतं, पण कागदावर त्यातलं काहीच नसतं. आणि हा प्रश्न ज्या माणसाला विचारला जातो, ते माणूस बहुतेक वेळा बाई असते.

मराठवाड्यात जमिनीपायी बाईवर हात उठतो तो दोन ठिकाणी. एक गायरानात, जिथं समोर गाव असतं. दुसरा घरच्या वावरात, जिथं समोर भावकी असते. एकीकडे दलित, आदिवासी, भटक्या समाजातली भूमिहीन बाई. दुसरीकडे कुठल्याही जातीची विधवा, टाकलेली, एकटी राहिलेली बाई. दोन्ही गोष्टी वेगळ्या मानून आपण वेगवेगळ्या खात्यांत टाकतो. पण मारणाऱ्याचा हिशेब दोन्हीकडे एकच असतो: कागदावर नाव चढायच्या आत हिला इथून उठवायचं. पेरणी आणि फेरफार यांच्या मधला जो काळ, तोच मारहाणीचा हंगाम.

जयंतीची तारीख, तीन दशकांची वाट

गायरान म्हणजे गावच्या जनावरांना चरण्यासाठी राखलेली सरकारी जमीन. बहुतेक ठिकाणी ती मुरमाड, खडकाळ, बाभळी आणि हराळीनं भरलेली. चांगली काळी जमीन निजामाच्या काळापासून देशमुख-पाटलांकडे, जहागीरदारांकडे गेलेली. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांत 2011 च्या जनगणनेनुसार पाचातली जवळपास एक व्यक्ती अनुसूचित जातीची आहे. तिच्या वाट्याला सालगडीपण आलं, बलुतं आलं, नंतर ऊसतोड आली. शेत क्वचितच आलं.

म्हणून पोलीस ॲक्शननंतर पाचच वर्षांनी, 1953 मध्ये, दादासाहेब गायकवाडांनी मराठवाड्यात गायरानासाठी सत्याग्रह केला. 1959 ला पुन्हा, आणि 6 डिसेंबर 1964 पासून देशव्यापी. त्या शेवटच्या लढ्यात तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेल्याचं सांगतात. बाया कडेवर लेकरं घेऊन अटक करवून घेत होत्या. शांताबाई दाणींसारख्या कार्यकर्त्या तुरुंगात गेल्या. भूमिहीनाला पडीक जमीन द्या, हे मागणं मांडताना बायकांची संख्या मोजली गेली. पट्टा कुणाच्या नावानं निघावा, हा प्रश्न मात्र तेव्हा ऐरणीवर आलाच नाही.

1978 च्या जुलैत विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि नांदेड-परभणीची खेडी पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आलं. इतिहास त्याला नामांतराची दंगल म्हणतो, पण जळालं त्यात घरांसोबत पीकही होतं. ज्यांनी गावकीची कामं सोडली, मजुरी वाढवून मागितली, गायरान कसायला घेतलं, ते आधीपासून डोळ्यांवर आलेले होते. विद्यापीठाच्या नावानं निमित्त मिळालं.

पुढे 28 नोव्हेंबर 1991 ला राज्य सरकारनं निर्णय काढला: 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली गायरानावरची अतिक्रमणं नियमानुकूल करावीत. शेवटची तारीख मुद्दाम आंबेडकर जयंतीची घेतली होती. त्या तारखेला कडेवर असलेलं पोर आज चाळिशीकडे झुकलंय. अनेक गावांत त्याच्या आईनं कसलेली जमीन सरकारी दप्तरात अजून अतिक्रमणच आहे.

बाईच का पुढे?

गायरान वहितीला आणणं हे एका हंगामाचं काम नाही. पहिल्या वर्षी दगड वेचायचे. ते बांधाला रचायचे, म्हणजे पावसाचं पाणी अडतं आणि हद्दही दिसते. हराळी मुळासकट खणून काढायची, बाभळीची खोडं उपटायची. बैलबारदाना नसतो, म्हणून कुणाचा तरी ट्रॅक्टर भाड्यानं आणावा लागतो, आणि गावातला ट्रॅक्टरवाला नाही म्हणाला तर शेजारच्या तालुक्यातून. मग तूर, ज्वारी, मूग. जरा माती धरली की सोयाबीन. पुरुष हैदराबादला, पुण्याला किंवा कारखान्याच्या फडावर. गायरानात उरते ती बाई, आणि तीही दिवसरात्र, कारण राखण सोडली की दुसऱ्या दिवशी पिकात जनावरं.

कब्ज्याचा पुरावाही तिनंच सांभाळायचा. तलाठी कार्यालयात अतिक्रमणाची वेगळी नोंदवही असते, गाव नमुना एक-ई. त्यात नाव लागलं, पीक लिहिलं गेलं, दंड बसला, की दंडाची पावती मिळते. बाहेरच्या माणसाला वाटेल की दंड म्हणजे शिक्षा. गायरानधारकाला ती पावती म्हणजे जीव की प्राण, कारण अमुक साली ही जमीन आम्हीच कसत होतो याचा सरकारी शिक्क्याचा दाखला तेवढाच. म्हणून लोक आपण होऊन दंड लावा म्हणून अर्ज करतात, आणि म्हणूनच गावातली वजनदार मंडळी तलाठ्याला एक-ई भरू देत नाहीत. पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याशेजारी ठेवलेल्या या पावत्या हाच तिचा सातबारा.

बीडच्या एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून या पावतीचं मोल गावोगाव समजावलं. पोतराजाच्या घरात जन्मलेल्या या माणसानं मराठवाड्यातल्या गायरानधारकांना एकत्र बांधलं. जमीन अधिकार आंदोलनाचं जाळं लातूर-नांदेडपर्यंत पोचलं. आवाड 2015 मध्ये गेले. 'जग बदल घालुनी घाव' या त्यांच्या आत्मकथनात या लढ्याची हकीकत आहे. त्या मोर्च्यांचे फोटो पाहिले तर पहिल्या रांगा बायकांच्या दिसतात. त्यात डावपेचही होता: बाया पुढे असल्या की पोलिस आणि गाव दोघंही हात उचलायला कचरतात, असा अनुभव. पण तो अनुभव तहसीलच्या आवारातला. माळावर, दिवस मावळल्यावर, तो उपयोगी पडत नाही.

हल्ल्याची पायरी

हल्ला एकदम होत नाही, पायरीपायरीनं चढतो. आधी गुरं सोडली जातात. गायरान गुरांसाठीच आहे ना, असा साळसूद युक्तिवाद तयार असतो. मग पाणंद बंद होते, शेतात जायला वाट उरत नाही. मग शिव्या, त्याही नेमक्या: जात आणि चारित्र्य एका वाक्यात. मग उभं पीक नांगरलं जातं. त्यानंतर काठ्या.

यात बाईसाठी राखून ठेवलेला एक भाग असतो. लुगडं ओढणं, अंगावर धावून जाणं, लेकीच्या नावानं धमकी देणं. पुरुषाला मारलं तर तो दवाखान्यात जाईल आणि परत शेतात येईल. बाईची अब्रू काढली तर घरातलीच माणसं तिला म्हणतील, जाऊ दे ती जमीन. हल्लेखोराला घरचा हा दुबळेपणा पुरता ठाऊक असतो.

काठीपेक्षा जास्त टिकतो तो बहिष्कार. फेब्रुवारी 2022 मध्ये निलंगा तालुक्यातल्या ताडमुगळीहून बातम्या आल्या होत्या: दलित तरुणांनी मंदिरात नारळ फोडला म्हणून वस्तीला किराणा आणि गिरणी बंद. तिथं निमित्त देवळाचं होतं, पण हत्यार जमिनीच्या भांडणातलंच. पिठाची गिरणी बंद झाली की मैलभर डोक्यावर डबा घेऊन कोण जातं? किराणा, दूध, मजुरी, ऑटो यांतलं जे जे बंद होतं, त्याचा भार सरळ बाईच्या डोक्यावर येतो. वस्तीत आधी वाकतं ते घर, जिथल्या चुलीला दळण नाही.

ठाण्यातली दुसरी लढाई

कायदा कमी नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. त्यात 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जमिनीवरून हुसकावणं, तिच्या उपभोगात अडथळा आणणं, पीक नष्ट करणं किंवा उचलून नेणं हे सगळं स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवलं. सामाजिक-आर्थिक बहिष्कार गुन्हा ठरला. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा. गुन्हा नोंदवायला टाळाटाळ करणारा सरकारी नोकर स्वतः कलम 4 खाली दोषी. पीडित आणि साक्षीदार यांच्या संरक्षणासाठी कलम 15-अ.

आता ठाण्याच्या ओसरीवर काय होतं ते पाहू. बाई फाटक्या ब्लाऊजनिशी आलेली असते. आधी तिला दवाखान्याची चिठ्ठी आणायला पाठवतात. ती येते तोवर गावचे चार जण साहेबांसमोर खुर्चीवर बसलेले असतात. मग समजूत घालणं सुरू होतं: गावात राहायचंय ना? अदखलपात्र नोंद घेऊन बोळवण होते. ती अडून बसली तर दुसऱ्या बाजूची फिर्याद आधी लिहिली जाते, आणि त्यात दरोड्याचं किंवा विनयभंगाचं कलम असतं. आता दोघांवर गुन्हा, म्हणून दोघांनी मिटवा. मिटवण्याची अट एकच: जमिनीत पाय ठेवायचा नाही.

नुसता सातबारा पुरत नाही, हे खैरलांजीनं शिकवलं. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबाकडे पाचेक एकर शेत होतं. इतरांना त्यातून रस्ता हवा होता, आणि शेत मुख्यतः सुरेखा भोतमांगे यांच्या हिमतीवर चाललं होतं. एका मारहाणीच्या गुन्ह्यात सुरेखा आणि मुलगी प्रियंका यांनी आरोपींविरुद्ध जबाब दिला. आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी, 29 सप्टेंबर 2006 रोजी, सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांना ठार मारण्यात आलं. 2008 मध्ये सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली; 2010 मध्ये उच्च न्यायालयानं फाशीऐवजी 25 वर्षांची शिक्षा दिली. अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्हीकडे लागला नाही. जमिनीचा कागद होता, जबाबही दिलेला होता. जबाब देणाऱ्या बाईच्या दारात संरक्षण मात्र नव्हतं. म्हणजे नोंद तलाठ्याकडे हवी आणि ठाण्यातही हवी, आणि ठाण्यातल्या नोंदीमागे माणूस उभा हवा.

भावकीचा न्याय

दुसरी आघाडी घरातली. इथं गाव मध्ये पडत नाही, कारण हा 'घरचा मामला'. नवरा गेला, अनेकदा कर्जापायी, विष घेऊन किंवा गळफास लावून. दहाव्याच्या आतच प्रश्न येतो: जमीन कुणी कसायची? ती सासऱ्याच्या नावावर असेल तर सून उपरी. नवऱ्याच्या नावावर असेल तर वारस नोंदीला दीर आडवे. बांध कोरला जातो, विहिरीवरची मोटार काढून नेली जाते, आणि एवढं करूनही ती हलली नाही तर ती कुणाशी बोलते याची चर्चा पारावर सुरू होते. मारहाण अनेकदा पेरणीच्या तोंडावर होते, कारण ज्याची तिफण चालली त्याचा कब्जा.

महिला किसान अधिकार मंचानं 2018 मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या अकरा जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या 505 बायकांची पाहणी केली. 2012 ते 2018 या काळात नवरा गमावलेल्या या बायकांपैकी 40 टक्क्यांना त्या कसत असलेल्या शेताचा हक्क मिळालेला नव्हता. राहत्या घराचा हक्क फक्त 35 टक्क्यांना होता. नावाशिवाय पीककर्ज नाही, पीकविमा नाही, पीएम किसानचे सहा हजार नाहीत. 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातलं सोयाबीन पाण्याखाली गेलं तेव्हाही मदत खातेदाराच्या खात्यात गेली. कंबरभर चिखलात उतरून शेंगा काढणारी बाई खातेदार असेलच असं नाही.

लेकीचा प्रश्न आणखी नाजूक. 1994 ला महाराष्ट्रानं आणि 2005 ला केंद्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा दिला. 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वडील 2005 ला हयात असण्याचीही अट काढून टाकली. तरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्राची रांग हटत नाही. बहिणीला गाडी करून आणतात, अंगठा घेतात, साडी-चोळी करतात. तिला हिस्सा नको असतो असं नाही. सासरी हात उठला तर रात्री-अपरात्री जायला माहेरचा एक दरवाजा उघडा हवा असतो, आणि त्याची किंमत ती दोन एकरांत चुकवते. भाऊबीजेच्या ताटात पडणाऱ्या ओवाळणीवर त्या दोन एकरांचं व्याज येत असतं, हे दिवाळीत बोलायचं नसतं.

अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास इथं आठवावा. जमीन आणि घर दोन्ही नावावर नसलेल्या बायकांपैकी 49 टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. जमीन नावावर असलेल्यांत हे प्रमाण 18 टक्के, घर असलेल्यांत 10, दोन्ही असलेल्यांत 7. नाव चढेपर्यंत मार वाढतो, नाव चढल्यावर उतरतो. मधला काळ जितका लांबवाल, तितकी बाई मार खाईल.

आपल्या माणसांचा कागद

चळवळींनाही हा प्रश्न विचारायला हवा. नियमानुकूल झालेल्या गायरानाचा सातबारा निघतो तेव्हा तो कुणाच्या नावानं? दगड वेचताना, राखण करताना, लाठी खाताना ती, फेरफारावर तो. पुढे तो दारूपायी किंवा लेकीच्या लग्नापायी ती जमीन गहाण टाकतो, कुणा तरी पाटलाला बटईनं देतो, आणि बाई पुन्हा त्याच शेतात रोजानं जाते. बिहारमध्ये बोधगयेच्या मठाविरुद्ध सत्तरच्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या लढ्यात बायकांनी हीच अडचण आधी ओळखली. पट्टे आमच्या नावानं काढा, नाहीतर मालक बदलेल, आमचं काय बदलणार, असा वाद त्यांनी आपल्याच माणसांशी घातला आणि काही गावांत तो जिंकला.

महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला: नवऱ्यानं आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करावी, आणि शंभर घरांनी तसं केलं की ते लक्ष्मीमुक्ती गाव. 1992 मध्ये सरकारनं त्यासाठी निर्णय काढला. नवऱ्याच्या साध्या अर्जावर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तो आजही लागू आहे. पण तो नवऱ्याच्या मनावर आहे, आणि जिला सर्वांत जास्त गरज, तिचा नवरा अर्ज करणार नाही. याउलट किनवट-माहूरच्या डोंगरातल्या गोंड, कोलाम, आंध कुटुंबांना वनहक्क कायद्याखाली मिळणारा पट्टा विवाहितांच्या बाबतीत दोघांच्या नावानंच निघतो, कारण 2006 च्या कायद्यात तसं लिहिलंय. तिथं कुणाच्या मनाचा प्रश्नच ठेवलेला नाही.

विकत घेऊन जमीन देण्याची योजनाही आहे. दादासाहेब गायकवाडांच्याच नावानं 2004 पासून भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, 2018 पासून शंभर टक्के अनुदान, विधवा-परित्यक्तांना प्राधान्य. पण जिरायतीला एकरी पाच लाखांची मर्यादा, आणि त्या भावात रस्त्याकाठची जमीन कोण विकणार? विकायला येतं ते खडकाळ, किंवा ज्यावर आधीच वाद चालू आहे ते. म्हणजे वाद विकत घेऊन बाईच्या पदरात टाकायचा.

घड्याळ उलटं फिरतंय

दरम्यान गायरानाकडे पाहण्याची सरकारी नजर बदलली. सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 ला जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. त्या जुलैत महाराष्ट्रानं नियमानुकूल करणं थांबवणारा निर्णय काढला. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. जगपाल सिंग निकालातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयानं दिलेल्या जमिनींचा अपवाद सांगितलेला आहे. नोटीस काढणाऱ्या टेबलापर्यंत तो अपवाद पोचत नाही. बिल्डरचं अतिक्रमण आणि विधवेचे दोन एकर तिथं एकाच यादीत बसतात. आता सौर कृषिवाहिनीच्या प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी शोधणं चालू आहे, आणि गायरान सगळ्यांत सोपं सापडतं. त्यातच शेतकरी ओळख क्रमांक सातबाऱ्याला जोडला गेलाय. ज्यांचं नाव जुन्या कागदात नव्हतं, ते नव्या संगणकातही नाहीत.

2025 मध्ये महसूल खात्यानं 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला घेतली. सरकारनं मनावर घेतलं तर वर्षानुवर्षं अडलेला फेरफार गावात येऊन होतो, हे त्यातून दिसलं. मग तीच घाई 1990 पूर्वीच्या गायरानासाठी का नाही? तालुकानिहाय यादी लावा, एक-ई आणि दंडाच्या पावत्या ग्रामसभेसमोर वाचा, आणि नियमानुकूल होणारी प्रत्येक जमीन वनपट्ट्यासारखी दोघांच्या नावानं, एकल बाई असेल तर तिच्या एकटीच्या नावानं लिहा. वारस नोंदीला विधवेच्या बाबतीत हरकत आली तर मंडळ अधिकाऱ्यानं ठरल्या मुदतीत निकाल द्यावा, आणि तोवर पेरणी तिचीच राहील असा लेखी आदेश पोलिस पाटलाकडे असावा. जिथं जमिनीच्या वादात बाईची तक्रार आली, तिथं मृगाच्या आधी आणि काढणीच्या वेळी उपअधीक्षकानं भेट द्यावी. हल्ले कधी होतात हे दोन्ही हंगामांवरून ठरलेलंच आहे. पोलिसांचा बंदोबस्त गणपतीच्या तारखा पाहून लागतो, तसा तो पेरणीच्या तारखा पाहूनही लागू शकतो.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. तहसीलदाराची सही, तलाठ्याची ओळ आणि ठाणेदाराची गाडी पुरते. इतकी वर्षं ती मिळाली नाही, कारण उशिराचा खर्च सरकारच्या खात्यात कधी मांडलाच गेला नाही. तो बायकांच्या अंगावर पडत राहिला.